कौतिकाबाईंची साखर

आमच्या आत्याच्या ओसरीवर चढलेलं एकही बोट आजवर रक्ताचा थेंब दिल्याशिवाय खाली उतरलेलं नाही. उंद्रीसारख्या मोठ्या गावात माणसं एकमेकांकडे विरजण मागायला जातात, लग्नाचं आवतन द्यायला जातात, कुणाची तरी चहाडी करायला जातात. आत्याकडे यातल्या कुठल्याही कामासाठी गेलात तरी आधी बोट, मग काम. ती पाटावर बसलेली असते, समोर साखर मोजायचं मशीन, पट्ट्यांची डबी आणि सुया. सुई मात्र दर माणशी नवी, त्यात तडजोड नाही. तुम्ही राम राम घालायला हात जोडले की त्यातला डावा हात ती सोडवून घेते. मागे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार असाच हात जोडून आला. त्याची साखर तीनशेच्या वर निघाली. आत्याने त्याच्याकडे बराच वेळ कीव करून पाहिलं आणि म्हणाली, "निवडून तं येशीन रे, पण पाच वर्षं पुरशीन काय?" तो निवडणूक हरला, पण साखर तपासायला अजून येतो.

माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत, आकडे राहतात. "ते दोनशे दहावाले गुरुजी वारले" किंवा "एकशे नव्वदच्या पोरीले पाहुणे येऊन राह्यले" अशा भाषेत ती गावाची हालहवाल सांगते आणि ऐकणाऱ्याला माणूस बरोबर कळतो. एका लग्नात तिने हळद लागलेल्या नवरदेवाचं बोट टोचलं होतं. नवरीच्या बापाला आकडा ऐकवला आणि मगच अक्षता हातात घेतल्या. एकदा एस.टी.चा कंडक्टर पाणी प्यायला उतरला तर त्यालाही तिने बसवलं. बस खोळंबली, पण प्रवासी काही बोलले नाहीत, कारण निम्मे प्रवासी खाली उतरून त्याच्या मागे रांगेत उभे होते. या सगळ्या उद्योगात आत्याचं स्वतःचं बोट मात्र कुणी पाहिलेलं नाही. कुणी विचारलंच तर ती हात झटकून म्हणायची, "मले काय धाड भरली?"

या वेडाला कारण होते आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. तूर काढल्यावर शेतात जे टोकदार खुंट उरतात, त्यातला एक त्यांच्या तळव्यात घुसला. आत्याने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दुखत नाई." खरंच दुखत नव्हतं, कारण साखरेने पाय कधीचाच बधिर झाला होता आणि त्यांना साखर आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. जखम चिघळली, पाय काळा पडला, तरी ते शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले आणि शेवटपर्यंत ते खरंच होतं. तेरवी झाल्यावर आत्या मला म्हणाली, "बापू, जो म्हणते दुखत नाई, त्यालेच पह्यले पकडाव." मी बुलढाण्याला शाळेत शिकवतो. पुढच्या रविवारी मी तिला ते मशीन आणि एक स्मार्टफोन नेऊन दिला.

मशीनने साखर मोजली की आकडा आपोआप फोनमधल्या अ‍ॅपमध्ये जायचा, आणि आत्याला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून मी अ‍ॅपचा आवाज चालू करून दिला. एक बाई अगदी शुद्ध मराठीत आकडा वाचायची आणि सल्ला द्यायची. अडचण आली ती नावाची. अ‍ॅपने रुग्णाचं नाव विचारलं. आत्या काही केल्या स्वतःचं नाव घालू देईना. आजाराच्या घरात नाव लिहिलं की आजार त्या नावाचा माग काढत येतो, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या कुणाचं घालावं तर त्याला पाप लागेल. शेवटी गल्लीतल्या बायांनी मिळून असं नाव शोधलं जे गावात कुणाचंच नव्हतं, जिवंत माणसाचं नाही आणि आठवणीतल्या मेलेल्याचंही नाही. कौतिकाबाई. वय विचारलं तेव्हा आत्याने समोर बसलेल्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "लिही पन्नास. सगळ्यायच्या मधातलं." जवळच्या माणसाचा नंबर म्हणून मी माझा नंबर घातला.

आता गंमत अशी झाली, की सगळ्या गल्लीची साखर एकट्या कौतिकाबाईंच्या नावावर जमा होऊ लागली. सकाळी ओसरीवर बाया टोचून घ्यायच्या. एकीची नव्वद, दुसरीची दोनशे ऐंशी, तिसरीची दीडशे. अ‍ॅपला वाटायचं ही सगळी एकाच बाईची. दोन-चार बोटं झाली की आतली बाई काळजीच्या सुरात म्हणायची, "कौतिकाबाई, तुमची साखर फार वेगाने बदलत आहे. तुम्ही ठीक आहात ना?" आधी बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मग हसणं थांबलं. रोज कुणी नाव घेऊन विचारपूस करायला लागलं की ज्याची विचारपूस होते ते माणूस कुठेतरी असावं असं वाटू लागतं. ओसरीच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात मशीन आणि फोन ठेवलेले असायचे, कारण फोन उशाशी ठेवला की पोटात वायू धरतो असं आत्याचं मत. त्या कोनाड्याखालची सतरंजीवरची जागा हळूहळू रिकामी राहू लागली. कुणी ठरवलं नव्हतं. नवखी बाई तिथे टेकायला लागली की शेजारची तिला नुसती ओढून आपल्याजवळ घ्यायची.

एकदा चैत्रात मी गेलो होतो. आत्या कुणाच्या तरी लग्नाला गेलेली, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी ओसरीवर आडवा झालो होतो. कोनाड्यातून फोन बोलला, "कौतिकाबाई, तुम्ही जेवलात का?" मी डोळे न उघडता हसलो. आणि कुणीतरी अगदी हळू, दमलेल्या आवाजात म्हणालं, "हाव."

मी उठून बसलो. ओसरीवर कुणी नव्हतं. भिंतीपलीकडे चुलत घराण्याचं घर आहे, एकाच छपराखाली वाटणीने झालेलं, परसदारही दोघांचं एकच. तिथलं कुणीतरी बोललं असेल अशी मी मनाची समजूत घातली, पण उन्हातच एस.टी. धरून बुलढाण्याला परत आलो.

वैशाख लागला आणि आत्याचा फोन आला. "बापू, कौतिकाची साखर चारशेच्या वर गेली." मी म्हणालो, कुणाची तरी असेल. ती म्हणाली, "कोणाचीच नाई. सगळ्यायले इचारलं." आकडा दुपारचा होता, गाव झोपलेलं असतानाचा. दुसऱ्या दुपारी पुन्हा तसाच, आणि तिसऱ्या. मशीन बिघडलं असेल म्हणून मी या खेपेला गाडी घेऊनच ते पाहायला गेलो. मशीन ठणठणीत होतं. कोनाड्याच्या चुन्यावर मात्र एक तपकिरी ठिपका होता, बोट टेकवल्यासारखा. आणि ओसरीवर वास येत होता पिकून गेलेल्या सीताफळाचा. सीताफळं आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे येतात, वैशाखात झाडाला पान नसतं. बायांनी तो वास आधीच ओळखला होता. दुपारी कोनाड्यापाशी बांगड्या वाजतात असंही दोघीतिघींनी ऐकलं होतं. गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई मला म्हणाली, "काऊन ठेवलं बापा ते नाव? मोकळं नाव पाहून कोणीबी येऊन बसते." मी मास्तर माणूस, तिला समजावायला तोंड उघडलं आणि मशीनच पुन्हा उलटून पाहत बसलो.

दुसरी कुणी असती तर तिने मशीन कुलपात टाकलं असतं. आत्याने उलट केलं. तिने कोनाड्याखाली ताट मांडायला सुरुवात केली. ज्वारीची भाकर, पालेभाजी, वाटीभर ताक. ती भिंतीशी बोलू लागली. गावात झालं, की आतोबांच्या मागे म्हातारीचं डोकं फिरलं. मलाही तेच वाटलं. दिवेलागणीला मी पाहिलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसली होती आणि लेकीशी बोलावं तशी बोलत होती.

"कौतिका, तहान लागते नं वं तुले? माठ रिता होते तरी भागत नाई. उठू उठू बाहेर जा लागते. अंगावरचं लुगडं ढिलं झालं तुह्यं. मले समजते माय."

तिने ताकाची वाटी भिंतीच्या आणखी जवळ सरकवली.

"तुले भेव लागते का लोक म्हणतीन, बापानं दुखणं लपवून पोरगी खपवली. म्हणतीन तं म्हणू दे. माह्या घरच्यायनंबी लपवलं नव्हतं वं, त्यायले समजलंच नाई. तुले तं समजलं. समजून चूप बसशीन तं मरशीन. उद्या सकाळी मी चिखलीले डॉक्टरकडे जाऊन राह्यली. तुह्या नावाचा नंबर लावते. यायचं असन तं परसदारी येऊन उभी राह्य."

आणि भिंतीपलीकडे बांगड्या वाजल्या. एकदाच.

सकाळी मी गाडी काढली तेव्हा परसदारी डोक्यावरून पदर ओढून एक आकृती उभी होती. ती मुकाट्याने मागच्या सीटवर आत्याशेजारी बसली. गाडीत सीताफळाचा वास भरला. आरशात पाहायची मला हिंमत झाली नाही. चिखलीला दवाखान्यात बाकावर आम्ही तिघं बसलो. आतून पुकारा झाला, "कौतिकाबाई." कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारा झाला. मग आत्याच्या शेजारची ती उठली, पदर मागे सरकला आणि मला दिसली ती शेजारच्या घरची सून, लग्नाला वर्षही न झालेली. लग्नात मीच तिच्या भरलेल्या अंगाकडे पाहून म्हटलं होतं, पोरगी शेतात राबणारी दिसते. आता गळ्याची हाडं मोजता येत होती.

डॉक्टरांनी आधी फोन पाहिला आणि ते चक्रावले. "या नोंदी एकाच बाईच्या असतील तर त्या इथे चालत आल्या कशा?" आत्याने त्यांना गल्लीचा सगळा प्रकार सांगितला, पोरीचं खरं नाव सांगितलं, आणि दुपारी सारे झोपले की ती परसातून येऊन कोनाड्यापाशी चोरून बोट टोचायची तेही सांगितलं. ऐकताना ते हसत होते, पोरीकडे पाहिलं तसे हसायचे थांबले. त्यांनी पोरीचा श्वास हुंगला. तो फळाचा वास रोगाचाच होता. शरीराला साखर वापरता आली नाही की ते स्वतःलाच जाळू लागतं, आणि तो वास श्वासात उतरतो. आणखी थोडे दिवस गेले असते तर ती दुपारी झोपली असती ती उठलीच नसती, असं ते म्हणाले. तिला भरती करून घेतलं, इन्सुलिन सुरू केलं. बाहेर आल्यावर मी आत्याला विचारलं, तुला कळलं कसं? "बांगड्यायवरून," ती म्हणाली. "भरल्या हातातल्या बांगड्या येवढ्या वाजत नाई बापू. हात वाळला का वाजतात."

आता खरा प्रश्न होता सासूचा. सासू आत्याच्या ओसरीवरची जुनी गिऱ्हाईक, स्वतःची साखर दोनशे ऐंशी. आम्ही परत येऊन तिला सगळं सांगितलं तेव्हा ती पदर खोचून उभीच राहिली. "म्हणजे माहेराहूनच आणली पोट्टीनं. आमाले फसवलं. येऊ द्या, दवाखान्यातूनच धाडते तिले परत." गल्ली गोळा झालेली. आत्याने वाद घातला नाही. ती कोनाड्यातून फोन घेऊन आली आणि सासूच्या समोर धरला. अ‍ॅपमध्ये शेवटचा आकडा त्या पोरीचाच होता, आणि आकडा फार वर गेला की आतली बाई पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगायची. ती बोलली, "कौतिकाबाई, तुमची साखर फार जास्त आहे. एकट्या राहू नका. जवळच्या माणसाला सांगा."

थोड्या वेळाने तो आवाज पुन्हा आला. एकट्या राहू नका. जवळच्या माणसाला सांगा. सासूने फोनकडे पाहून हात जोडले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सांगतलं माय. समजलं मले." मग घरात गेली, डबा भरून आणला आणि माझ्या गाडीत येऊन बसली. ती भुताला भ्याली की पोरीसाठी कळवळली, हे मी कधी विचारलं नाही. माझ्या मते दोन्ही.

सून बरी झाली. तिच्या हातात बांगड्या पुन्हा घट्ट बसल्या. इन्सुलिन ती स्वतःच टोचून घेते. तिचं तिच्या नावाचं वेगळं अ‍ॅप आहे आणि रोज सकाळी ती आत्याच्या ओसरीवर येऊन बसते. आत्याचे डोळे आता फारच मंद झालेत, तेव्हा बोटं टोचायचं काम तीच करते, आत्या फक्त माणसं पकडून आणते. कौतिकाबाईंच्या नावावर अजून गल्लीची साखर जमा होते. मला वाटलं होतं आता कोनाड्याखालची जागा भरेल. ती भरली नाही.

एकदा असंच बोलता बोलता मी सुनेला म्हटलं, "चैत्रात भिंतीआडून 'हाव' म्हणून तू मला चांगलंच घाबरवलं होतंस." ती माझ्याकडे बघत राहिली. "कधी? मामी लग्नाले गेल्या होत्या तेव्हा?" मी हो म्हणालो. "तेव्हा मी नव्हती अठी. आमच्या घरालेच कुलूप होतं. मी माहेरी होती, देऊळगाव राजाले. सासरचे सारे तठी बालाजीच्या दर्शनाले आले होते." मग ती उठून आत पाणी आणायला गेली आणि आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात माझा फोन वाजू लागला. अ‍ॅपमध्ये यंदा नवी सोय आली, जास्तीचा आकडा आला की जवळचा माणूस म्हणून मला निरोप येतो. दुपारचा आकडा, तीनशेच्या आसपास. सुनेने गल्लीत सगळ्यांना विचारलं, कुणाचाच नव्हता. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "कौतिकाचा असन." मी उंद्रीला गेलो तेव्हा आत्या भर वैशाखात डाव्या पायात लोकरीचा मोजा घालून बसली होती. "थंडी वाजते," म्हणाली. सून माझ्याकडे पाहत होती. दोघांनाही आतोबांचा पाय आठवला, तिने तो पाहिलेला नसूनही.

तिने आत्याला मोजा काढायला सांगितलं नाही. संध्याकाळी तिने कोनाड्याखाली ताट मांडलं, भाकर, पालेभाजी, वाटीभर ताक, आणि भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसली. आत्या तिच्या मागे पाटावर होती.

"कौतिका," ती म्हणाली, "मले भेव होतं का लोक काय म्हणतीन. तुले कशाचं भेव आहे? साऱ्या गावाची बोटं टोचली अन् आपलंच राह्यलं, याची लाज वाटते काय? नको वाटू देऊ. उद्या सकाळी आमी चिखलीले जाऊन राह्यलो. तुह्या नावाचा नंबर लावते. अन् एक गोष्ट मले एका बाईनं सांगतली, ते तुले सांगते. जो म्हणते दुखत नाई, त्यालेच पह्यले पकडाव."

आत्या सरकत सरकत पुढे आली आणि ताट आपल्याकडे ओढून घेतलं. "कौतिका आज येत नाई वाटते," ती म्हणाली. "अन्न वाया जाईन. मीच खाते."

सकाळी चिखलीला आम्ही त्याच बाकावर बसलो होतो. आत्याचा हात माझ्या हातात होता. मी तो पहिल्यांदाच नीट पाहिला. पाचही बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके होते, जुने आणि नवे. सगळं गाव झोपलेलं असताना ती एकटी कोनाड्यापाशी बसून स्वतःला टोचत होती आणि आकडा कौतिकाबाईंच्या नावावर टाकून मोकळी होत होती. मला फार वाईट वाटलं आणि तिचा थोडा रागही आला. आतून पुकारा झाला, "कौतिकाबाई." आत्या जागची हलली नाही. सून तिच्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत बसली. पुन्हा पुकारा झाला.

मी हळूच विचारलं, "पाय दुखतो का गं, आत्या?"

त्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर ठरलेलं होतं. आत्याने मोज्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दुखते, बापू," ती म्हणाली. "लय दुखते."

दुखत होतं म्हणजे पाय अजून जिवंत होता. सुनेने तिला हाताला धरून उठवलं, आणि दोघी कौतिकाबाईंच्या नावावर आत गेल्या.